‘धर्म्य’ युद्ध आणि ‘धर्मयुद्ध’

‘धर्मयुद्ध’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. निवडणुकीच्या सभेत तो ऐकू येतो, वर्तमानपत्राच्या मथळ्यात तो दिसतो, आणि खेदाची गोष्ट अशी की, स्थानांच्या व्यवस्थेवरून किंवा गादीच्या वारसावरून निघणाऱ्या पत्रकांतही तो छापलेला आढळतो. ज्याला ज्याच्याशी भांडावयाचे असेल त्याने आपल्या भांडणास हे नाव द्यावे आणि आधारासाठी गीतेकडे बोट दाखवावे, असा प्रघातच पडला आहे. वासनिक मंडळींकडून निरूपणाच्या वेळी एक प्रश्न पुष्कळदा येतो. भावाने शेताचा बांध कोरला, पंचांनी ऐकले नाही; श्रीकृष्ण चक्रवर्तींनी अर्जुनाला भावांशी लढावयास सांगितले, तर मग मी का लढू नये? प्रश्न विचारणारा पुष्कळदा सरळ मनाचा असतो. त्याला उडवून लावणे योग्य नव्हे. पण त्याला उत्तर देण्यापूर्वी, तो ज्या शब्दाच्या बळावर प्रश्न विचारतो तो शब्द गीतेत आहे काय, हे पाहिले पाहिजे.

तो शब्द गीतेत नाही. सातशे श्लोकांत ‘धर्मयुद्ध’ असा समास एकदाही आलेला नाही. दुसऱ्या अध्यायात, एकतिसाव्या श्लोकात ‘युद्ध’ या नामाला आणि तेहेतिसाव्यात ‘संग्राम’ या नामाला ‘धर्म्य’ हे विशेषण लावलेले आहे. ‘धर्म’ आणि ‘धर्म्य’ यांत एका यकाराचा भेद आहे. परंतु त्या एका यकाराने सर्व अर्थ फिरतो. प्रस्तुत लेखात या यकाराचा आणि त्याच्या विशेष्याचा, म्हणजे ‘युद्ध’ या शब्दाचा, विचार कर्तव्य आहे.

प्रथम विशेष्य घेऊ. ‘युद्ध’ हे ‘युध्’ धातूपासून झालेले रूप. धातुपाठात या धातूचा अर्थ ‘संप्रहार’ असा दिला आहे. संप्रहार म्हणजे परस्परांवर प्रहार. धातू दिवादि गणातला, आत्मनेपदी. यातून पहिली गोष्ट निघते ती ही की, युद्धाला दोन पक्ष लागतात आणि दोहोंनाही आपण लढत आहोत हे ठाऊक असावे लागते. निजलेल्यावर, नि:शस्त्रावर, पाठ फिरवलेल्यावर घाव घातला तर त्यास ‘वध’ म्हणता येईल, ‘घात’ म्हणता येईल. धातूचा अर्थ पाहता ‘युद्ध’ म्हणता येत नाही. जाता जाता सांगण्यासारखे असे की, आठव्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात भगवंतांनी हा आत्मनेपदी धातू परस्मैपदात, ‘युध्य’ असा योजिला आहे. वैयाकरणांना तो आर्ष प्रयोग म्हणून सोडून द्यावा लागतो. ईश्वराचे वचन व्याकरणाने बांधले जात नाही एवढे म्हणून आपणही पुढे जाऊ.

या धातूने महाभारतातील नावेही व्यापिली आहेत. ज्याच्याशी लढणे दुष्कर तो दुर्योधन. युद्धात जो स्थिर तो युधिष्ठिर, आणि या नावातील सकाराचा षकार व्हावा म्हणून पाणिनीने स्वतंत्र सूत्र केले आहे. दोन्ही पक्षांचे नायक एकाच धातूचे! लढण्याची इच्छा करणारा तो युयुत्सु. हे विशेषण गीतेच्या पहिल्याच श्लोकात दोन्ही सैन्यांना लागले आहे आणि अठ्ठाविसाव्या श्लोकात अर्जुनाच्या तोंडी स्वजनांना लागले आहे. याच नावाचा धृतराष्ट्राचा एक पुत्रही आहे. त्याच्याकडे पुढे वळू.

आपली मराठी ‘झुंज’ हीही याच धातूची लेक. संस्कृत ‘युध्यते’, प्राकृत ‘जुज्झइ’, मराठी ‘झुंजणे’. हिंदीत ‘जूझना’, आणि पंजाबातील आपल्या जयकृष्णी बांधवांच्या बोलीतही तोच शब्द थोड्या फरकाने नांदतो. प्राचीन मराठीत तो वीरांचा शब्द होता. आज आपण कोंबड्यांच्या झुंजीविषयी बोलतो. ‘भांडण’ मात्र वेगळ्या कुळातले आहे. संस्कृत ‘भण्डन’ म्हणजे शब्दांची बाचाबाची, कलह. त्यात शस्त्र नाही, नियम नाही, आणि बहुधा शेवटही नाही. भांडणास युद्ध म्हणणे म्हणजे एका कुळाच्या माणसास दुसऱ्या कुळाचे नाव चिकटवणे होय.

अमरकोशात युद्धाचे तीसएक पर्याय आहेत. त्यांतील गीतेत आलेले थोडे. ‘संग्राम’ म्हणजे ग्रामांचे, समूहांचे, एकत्र येऊन भिडणे. ‘रण’ या शब्दास वेदात आनंद असाही अर्थ आहे. ते प्रकरण मोठे आहे, येथे नको. परंतु ‘आहव’ हा शब्द ध्यानात घेण्यासारखा आहे. अर्जुन पहिल्या अध्यायात, एकतिसाव्या श्लोकात तो उच्चारतो. ‘ह्वे’ म्हणजे हाक मारणे, बोलावणे, त्यास ‘आ’ उपसर्ग लागून ‘युद्ध’ या अर्थीच ‘आहव’ शब्द सिद्ध होतो असे पाणिनीचे सूत्र आहे (३.३.७३). म्हणजे जेथे एकाने दुसऱ्यास उघड हाक देऊन बोलाविले आहे तो आहव. युद्धवाचक शब्दाच्या पोटातच उघडपणा आहे. अर्जुनाला त्या क्षणी आपल्या मुखातून कोणता शब्द गेला याचे भान नसेल; तो शोकात होता. पण शब्द तर तोच गेला.

आता विशेषण. ‘धर्म्य’ हा तद्धितान्त शब्द. धर्म, पथिन्, अर्थ आणि न्याय या शब्दांना ‘त्यापासून न ढळलेले’ या अर्थी प्रत्यय लागतो असे पाणिनी सांगतो (४.४.९२). पथ्य म्हणजे मार्गापासून न ढळलेले, न्याय्य म्हणजे न्यायापासून न ढळलेले. तसे धर्म्य म्हणजे धर्मापासून न ढळलेले. वैद्याने सांगितलेल्या पथ्यास आपण ‘पथासाठी खाल्लेले अन्न’ असे समजत नाही. न्याय्य वाटणी म्हणजे ‘न्यायदेवतेप्रीत्यर्थ केलेली वाटणी’ नव्हे. मग धर्म्य युद्ध म्हणजे ‘धर्मासाठी केलेले युद्ध’ हा अर्थ कोठून आला? प्रत्यय हेतू सांगत नाही. तो रीती सांगतो. युद्ध कशासाठी, हा प्रश्न या विशेषणाच्या कक्षेतच नाही. युद्ध कसे, याचे ते उत्तर आहे.

कोणी म्हणेल, ही व्याकरणाची कसरत आहे. त्याने गीतेतील उरलेली स्थळे पाहावी. ‘धर्म्य’ हा शब्द गीतेत पाच ठिकाणी आढळतो. दोन वर सांगितली. नवव्या अध्यायाच्या दुसऱ्या श्लोकात भगवंत आपण सांगत असलेल्या ज्ञानास ‘धर्म्य’ म्हणतात. बाराव्याच्या अखेरीस भक्ताची लक्षणे सांगून त्या उपदेशास अमृत म्हणतात आणि तेथे हेच विशेषण लावतात (काही पोथ्यांत येथे ‘धर्म’ असा पाठ आहे). आणि अठराव्याच्या सत्तराव्या श्लोकात, सर्व सांगून झाल्यावर, त्या दोघांत जो संवाद झाला त्यालाही ‘धर्म्य’ म्हणतात. आता ‘धर्म्य संवाद’ याचा अर्थ ‘धर्माच्या विजयासाठी पुकारलेला संवाद’ असा कोणी करील काय? जे विशेषण संवादास लागते, ज्ञानास लागते, भक्तीच्या अमृतास लागते, तेच युद्धास लागले आहे. एकाच वक्त्याच्या मुखी, एकाच ग्रंथात, एका शब्दाचे दोन अर्थ मानण्यास सबळ कारण लागते. येथे ते नाही.

‘धर्मयुद्ध’ हा समास संस्कृतात मुळीच नाही असे मात्र कोणी समजू नये. महाभारतात इतरत्र तो आहे. पण तेथेही त्याचा प्रतिस्पर्धी शब्द ‘अधर्मीयांशी युद्ध’ हा नसून ‘कूटयुद्ध’ हा आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ साली म्हैसूरहून प्रसिद्ध झाले, तेव्हापासून हा भेद आपल्याला नेमका कळला. कौटिल्य युद्धाचे तीन प्रकार करतो: प्रकाशयुद्ध, कूटयुद्ध आणि तूष्णींयुद्ध. स्थळ आणि काळ आधी सांगून केलेले ते प्रकाशयुद्ध. भय घालून, गाफील गाठून, एकीकडे दाखवून दुसरीकडे मारून केलेले ते कूटयुद्ध. आणि हेरांकरवी, विषप्रयोगाने, फितुरीने गुपचूप चालविलेले ते तूष्णींयुद्ध. कौटिल्य राजनीतीचा आचार्य असल्यामुळे तिघांचीही सोय सांगतो. मनुस्मृतीत मात्र राजाने कूट शस्त्रांनी, विषदिग्ध बाणांनी मारू नये असा निषेध आहे. गीतेतील ‘धर्म्य’ हे विशेषण या प्रकाशयुद्धाच्या घरचे आहे.

कुरुक्षेत्रावर हे कसे घडले ते भीष्मपर्वाच्या आरंभी पाहावे. प्रथम दोन्ही पक्षांनी नियम ठरविले. रथीने रथीशी, गजारूढाने गजारूढाशी, पायदळाने पायदळाशी लढावे. वाणीने लढणाऱ्याशी वाणीनेच लढावे. सैन्यातून बाहेर पडलेल्यास, दुसऱ्याशी गुंतलेल्यास, नि:शस्त्रास, पाठ फिरवलेल्यास मारू नये. त्याही आधी उद्योगपर्वात स्वत: श्रीकृष्ण चक्रवर्ती शिष्टाईस गेले होते. पाच गावांवर तडजोड करण्याची युधिष्ठिराची तयारी होती. शिष्टाई भरसभेत झाली, नकार भरसभेत मिळाला. मग सैन्ये उभी राहिली. गीता सांगून झाल्यावरही लगेच बाण सुटले नाहीत. युधिष्ठिराने कवच उतरविले, शस्त्रे ठेविली, आणि तो पायी शत्रुसैन्यात शिरला. भीष्म, द्रोण, कृप आणि शल्य यांना वंदन करून त्याने लढण्याची अनुज्ञा मागितली. परत येताना त्याने दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभे राहून सांगितले की, ज्याला आमच्याकडे यावयाचे असेल त्याने यावे. तेव्हा कौरवांकडून एकजण आला, तोच धृतराष्ट्रपुत्र युयुत्सु. नाव लढण्याच्या इच्छेचे, आणि त्याला उघड मैदानात, सर्वांसमक्ष, पक्ष बदलण्याची मोकळीक मिळाली! ज्या झगड्यात अशी मोकळीक नाही, ज्यात शत्रूच्या पाया पडावयास कोणी जात नाही, त्यास धर्म्य म्हणण्यापूर्वी थांबावे.

याच ग्रंथात याची उलट बाजूही आहे. अठरा दिवस संपल्यावर अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा रात्री पांडवांच्या शिबिरावर गेले आणि अश्वत्थाम्याने निजलेल्या धृष्टद्युम्नास व द्रौपदीच्या पाचही पुत्रांस मारिले. त्या पर्वाचे नाव निजण्यावरून पडले आहे, लढण्यावरून नाही. सुप्त यावरून सौप्तिक. व्यासांनी योग्य शब्द वापरला.

येथे एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवणे अभ्यासकास शोभणार नाही. भीष्म, द्रोण, कर्ण आणि दुर्योधन यांचे पतन ज्या रीतीने झाले ती नियमांची रीत नव्हती, आणि तसे करावयास सांगणारे प्रत्यक्ष भगवंत होते. शल्यपर्वात मांडी मोडलेला दुर्योधन हेच बोलून दाखवितो. या स्थळी भागवतात सांगितलेला निर्णयच आपल्याला स्वीकारला पाहिजे: ईश्वराचे वचन आचरावे, त्याच्या चरित्रातील जेवढे त्याच्या वचनाशी जुळते तेवढेच अनुसरावे. परमेश्वर कोणत्या जीवाच्या कर्माचा नाश कोणत्या मार्गाने करितो, हे त्याचे त्यास ठाऊक. त्याच्या चरित्राचे प्रमाण काढून आपण कपट करू लागलो तर गोवर्धन उचलण्याचेही दायित्व आपल्यावर येईल. तरीही हे उत्तर ऐकून श्रोत्याचे मन सर्वस्वी शांत होतेच असे नाही, हे मी निरूपणात पाहिले आहे. आणि ते स्वाभाविक आहे.

युद्धात हिंसा होत नाही असेही कोणी सांगू नये. तो शब्दाशी केलेला अप्रामाणिकपणा ठरेल. मात्र गीतेत कोणता धातू कोणाच्या मुखी आहे हे अवश्य पाहावे. पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या बोलण्यात ‘हन्’ धातूची रूपे आठ-नऊ वेळा येतात. मारणे, मारून, मारावयास, असे तेच तेच तो घोळवीत राहतो. भगवंतांची आज्ञा मात्र ‘युध्’ धातूने येते: दुसऱ्या, तिसऱ्या, आठव्या आणि अकराव्या अध्यायात. ‘हन्’ धातूचे आज्ञार्थी ‘जहि’ हे रूप त्यांच्या मुखी दोन ठिकाणी आहे. एक तिसऱ्याच्या शेवटच्या श्लोकात, आणि तेथे मारावयाचा शत्रू आहे काम. दुसरे अकराव्याच्या चौतिसाव्या श्लोकात. तेथे मारावयाचे आहेत ते द्रोणादी वीर, पण त्यांना मी आधीच मारिले आहे असे सांगून मग ती आज्ञा आहे. माणसास मारण्याची स्पष्ट आज्ञा गीतेत ही एवढीच, आणि तिचे कर्तृत्व आज्ञा देणाऱ्याने स्वत:कडे घेतले आहे. असे कर्तृत्व ज्याच्या वतीने परमेश्वराने घेतले असा दुसरा कोण आहे? पत्रके काढणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

तिसऱ्या अध्यायात तिसाव्या श्लोकात लढण्याच्या आज्ञेशी ‘विगतज्वर’ असे विशेषण जोडले आहे. ज्याचा ताप उतरला आहे तो विगतज्वर. आठव्यात त्याच आज्ञेच्या शेजारी सर्वकाळ स्मरण करण्याची आज्ञा आहे. तापलेल्या माथ्याने, ईश्वराचे विस्मरण होऊन केलेली झुंज ही त्या आज्ञेचे पालनच नव्हे, मग ती कितीही उघड असो.

दोन आधुनिक मते येथे थोडक्यात नोंदविणे अवश्य आहे, कारण आपले तरुण ती वाचून येतात. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ साली निघाले. त्यांनी युद्ध हे खरे युद्ध मानून त्यातून निष्काम कर्माचा सर्वसामान्य सिद्धांत काढला. महात्मा गांधींचा ‘अनासक्तियोग’ १९३० साली निघाला. त्यांनी कुरुक्षेत्र हे मनुष्याच्या अंत:करणात मानून युद्धास रूपक ठरविले. गांधीजींचा हेतू अहिंसेचा होता, म्हणून त्यांचे मत आपल्याला जवळचे वाटते. पण श्रीकृष्ण चक्रवर्तींचा अवतार, त्यांचे सारथ्य आणि त्यांचे अर्जुनाशी बोलणे ही आपल्या दृष्टीने घडलेली वस्तू आहे. ती रूपकात विरघळविली तर अवतारच रूपक होऊन बसेल. टिळकांचे मत उलट बाजूने अडते. एका विशिष्ट क्षत्रियास, एका विशिष्ट प्रसंगी दिलेली आज्ञा ते सर्वांच्या अंगाला चढवितात.

आपल्या परंपरेत या रोगावर औषध आहे, ते म्हणजे प्रकरण. सूत्रपाठातील कोणतेही सूत्र लावताना ते कोठे, कोणास, कोणत्या निमित्ताने निरूपिले हे पाहावे लागते, आणि त्यासाठीच पूर्वाचार्यांनी प्रकरणवशाचा खटाटोप केला. गीतेस हीच शिस्त लावावी. अठराव्या अध्यायाच्या त्रेचाळिसाव्या श्लोकात युद्धातून न पळणे हे क्षत्रियाच्या स्वभावकर्मात गणले आहे. त्याआधीच्या श्लोकात ब्राह्मणाच्या कर्मात ते नाही. म्हणजे गीतेनेच अधिकाराची मर्यादा घालून दिली आहे. तेव्हा ‘युध्यस्व’ ही आज्ञा अर्जुनाधिकारी आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी आपल्याला ज्या अधिकारी म्हणून पाहिले तो अधिकार निराळा आहे. पारध्यांच्या तोंडून सुटलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडला, पारध्यांनी तो मागितला, आणि शरण आलेला जीव स्वामींनी दिला नाही. त्यांच्याशी ते झगडलेही नाहीत, बोलले. आपल्यामुळे मुंगीचा जोडीदारही मरू नये एवढी सूक्ष्म अहिंसा त्यांनी शिष्यांस सांगितली. एकाच परमेश्वराची ही दोन वचने दोन अधिकाऱ्यांस आहेत. रोगी दोन असताना वैद्याने दोन औषधे दिली म्हणून वैद्य परस्परविरुद्ध बोलला असे होत नाही. पण एकाचे औषध दुसऱ्याने घेतले तर तो दोष वैद्याचा नव्हे.

भिक्षुकाचा प्रश्न यातच सुटला. त्याला लढावयाचे असेल तर तिसऱ्या अध्यायातील ‘जहि’ त्याच्यासाठी मोकळे आहे.

उरला तो बांधाचा वासनिक. त्याचे शेत गेले तर त्याची मुले उपाशी राहतील. त्याला ‘सोडून दे’ एवढे सांगून मोकळे होणे हा निरूपणकाराचा आळस आहे. त्याने मोजणीचा अर्ज करावा, तहसीलदाराकडे जावे, अवश्य पडल्यास दिवाणी दावा लावावा. हे युद्ध नव्हे. यास धर्मशास्त्रात ‘व्यवहार’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि व्यवहारात हक्क मागणे निषिद्ध नाही. मात्र जाण्यापूर्वी भावाच्या घरी जाऊन, वडीलधाऱ्यांच्या पाया पडून, मी दावा लावीत आहे असे तोंडावर सांगावे. खोटा साक्षीदार उभा करू नये. भावाने दिवसाढवळ्या बांध कोरला म्हणून आपण रात्री जाऊन त्याचा बांध कोरू नये. ते तर कूटही नव्हे, सौप्तिक झाले. आणि निकाल लागेपर्यंत दोन्ही घरच्या मुलांनी एका विहिरीचे पाणी प्यावे. त्याच्या या दाव्यास गीतेतील शब्द लावण्याचे प्रयोजन नाही. पण गीतेतील विशेषणाचा अर्थ त्याच्या वागण्यात उतरू शकतो.

पाठशाळेतील अध्यापकांसाठी एक सूचना. दुसऱ्या अध्यायाचा एकतिसावा श्लोक मुले सामुदायिक पठणात घाईने म्हणतात, तेव्हा ‘धर्म्याद्धि’ आणि त्यापुढील ‘युद्धात्’ हे शब्द एकमेकांत मिसळून ऐकणाऱ्याच्या कानी ‘धर्मयुद्ध’ असेच काहीसे पडते. पुष्कळांचा गैरसमज येथूनच सुरू होत असावा. म्हणून त्या ठिकाणी पदच्छेद करून, ‘धर्म्यात्’, ‘हि’, ‘युद्धात्’ अशी तीन पदे वेगळी म्हणवून घ्यावीत, यकार स्पष्ट उच्चारावयास लावावा, आणि पंचमी विभक्ती का आली हे पाठीवर लिहून दाखवावे. अठराव्यातील सत्तरावा श्लोक त्याच दिवशी, त्याच्या शेजारी, शिकवावा.